न आलेला निरोप

हिशेब लिहिणाऱ्या माणसाला पूर्वी दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात शिकवल्या जात. एक म्हणजे, लिहिलेले दुसऱ्याने तपासल्याखेरीज ते पक्के धरू नये. दुसरी म्हणजे, तपासणाऱ्याने खाली सही करावी. पुढे काही निघाले तर कुणाला विचारायचे ते ठाऊक राहते. मग संगणक आला. लिहिण्याचे, बेरजेचे आणि नकला काढण्याचे काम यंत्राकडे गेले. ते चांगलेच झाले, याबद्दल वाद नाही. परंतु या घाईत तपासणाऱ्याची खुर्ची केव्हा रिकामी झाली, हे पुष्कळ ठिकाणी कुणाच्या ध्यानातच आले नाही. ती रिकामी खुर्ची सर्वांत ठळक दिसते रात्री. कार्यालयाला कुलूप असते आणि आतला संगणक दिवसभराच्या नोंदींची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, आपोआप काढत असतो. निदान काढत असावा, असे आपण समजतो.

वसईच्या पश्चिमेला समुद्राकाठी भुईगाव आहे. किनाऱ्यावर सुरूची झाडे, आत केळीच्या नि भाजीच्या वाड्या, विहिरी. अशा गावातली एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन टेबले, एक काउंटर, भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी आणि कोपऱ्यात संगणक. त्या संगणकात सभासदांच्या ठेवी, कर्जे, हप्ते, तारण आणि वारस यांच्या नोंदी आहेत. पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन मुंबई गाठणाऱ्या बाईची आवर्त ठेव त्यात आहे. वाडी विकून आलेल्या पैशांवर उरलेले आयुष्य काढणाऱ्या म्हाताऱ्याची मुदत ठेवही त्यातच आहे. संगणक बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने रात्री दोन वाजता बॅकअप निघेल अशी व्यवस्था लावून दिलेली आहे आणि ‘आता तुम्हाला काही बघायला नको’ असे सांगून तो गेला आहे.

त्याचे हे वाक्य काळजीपूर्वक तपासून घेण्यासारखे आहे. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

तीन उत्तरे

रात्री दोन वाजता त्या संगणकात काय होते? ठरलेल्या वेळी एक छोटा कार्यक्रम जागा होतो. तो नोंदींच्या फाइली उचलतो, त्यांची गठडी बांधतो आणि दुसऱ्या डिस्कवर किंवा इंटरनेटवरून दूरच्या एखाद्या सर्व्हरवर नेऊन ठेवतो. काम संपले की तो आपल्या रोजनिशीत एक ओळ लिहितो. या रोजनिशीला संगणकाच्या भाषेत ‘लॉग’ म्हणतात. संगणकाच्या जगात एक जुना संकेत आहे: काम नीट पार पडले तर कार्यक्रम जाताना ‘शून्य’ हा आकडा मागे ठेवतो, काही बिघडले तर शून्याहून वेगळा आकडा ठेवतो. तो आकडा पाहून दुसरा एखादा कार्यक्रम संबंधितांना ई-मेलने कळवू शकतो.

म्हणजे सकाळी ‘रात्री बॅकअप झाला का?’ असे विचारले तर तीन उत्तरे संभवतात. झाला, झाला नाही, आणि काहीच उत्तर नाही. पहिल्या उत्तराने आपण निश्चिंत होतो. दुसऱ्याने धावपळ करतो. तिसरे उत्तर मात्र आपल्याला ऐकूच येत नाही, कारण त्याला आवाज नाही. आणि माणसाचा स्वभाव असा, की तक्रार आली नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे तो धरून चालतो. वीज गेली म्हणून संगणक बंद होता, पासवर्ड बदलल्यामुळे सर्व्हरने दार उघडले नाही, डिस्क भरून गेली, नव्या संगणकावर जुनी व्यवस्था लावायची राहून गेली, अशी कारणे कितीही असोत. त्यांतली काही अशी असतात, की बिघाड सांगणारा निरोप्याच आडवा झालेला असतो. ज्या संगणकाला वीजच नाही, तो वीज गेल्याचे कळवणार कसा?

हे दुखणे गावातल्या छोट्या कार्यालयांचेच आहे असे कुणी समजू नये. ‘गिटलॅब’ ही जगभरच्या संगणकतज्ज्ञांचे काम सांभाळून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुसऱ्याच एका अडचणीशी झगडत असताना, चुकून मुख्य सर्व्हरवरचा माहितीसाठा पुसायला घेतला. चूक कळून हात थांबेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाईटपैकी साडेचार गिगाबाईट उरले होते. मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोज प्रत जाऊन पडायची ती जागा रिकामी निघाली! प्रत काढणाऱ्या कार्यक्रमाची आवृत्ती जुनी होती आणि माहितीसाठ्याची नवी. त्यामुळे तो रोज सुरू होऊन रोज अयशस्वी होत होता. आणि गंमत अशी, की तो गप्प बसलेला नव्हता. अपयशाचे ई-मेल तो इमानेइतबारे पाठवत होता. पण त्या ई-मेलवर आवश्यक ती खातरजमेची खूण नसल्यामुळे पलीकडचा मेल-सर्व्हर ते परत फिरवत होता. ओरडणारा ओरडत होता, ऐकणाऱ्याच्या दाराला कडी होती. कुणा अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर कंपनी तरली. त्या सहा तासांतले काम मात्र कायमचे गेले. कंपनीने हा सारा प्रकार स्वतः जाहीरपणे लिहून प्रसिद्ध केला, हे तिच्या पदरी पुण्य म्हणायचे.

त्याआधी १९९८ साली पिक्सार या अमेरिकी चित्रसंस्थेत असेच घडले. ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना कुणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेने त्याचा मोठा भाग पुसला गेला. बॅकअपच्या टेपा काढल्या, तर त्या महिनाभर नीट निघतच नव्हत्या असे आढळले. गॅलिन ससमन या तंत्रज्ञ बाई नुकत्याच बाळंत झाल्यामुळे घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तिने चित्रपट वाचवला. दोन्ही ठिकाणी पैसा होता, हुशार माणसे होती, यंत्रे उत्तम होती. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडला तो योगायोग.

मोटरमनची मूठ आणि शेवटचा डबा

न आलेला निरोप ऐकायचा कसा, हा प्रश्न नवा नाही. संगणकाच्या पुष्कळ आधी तो दुसऱ्यांनी सोडवलेला आहे आणि वसईकर त्या उत्तरांच्या सान्निध्यात रोज प्रवास करतात.

लोकल चालवणाऱ्या मोटरमनच्या हाताखाली एक मूठ असते. तिला ‘डेड मॅन्स हँडल’ म्हणतात. गाडी धावत असताना ती दाबून धरावी लागते. मोटरमनला भोवळ आली, हात सैल पडला, की ब्रेक लागतात. ‘मला बरे वाटत नाही’ असे त्याने कळवण्याची वाट ही रचना पाहत नाही. ‘मी ठीक आहे’ हा निरोप थांबला, एवढे तिला पुरते.

दुसरे उदाहरण गाडीच्या शेपटाकडचे. शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ अक्षरांची पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. ज्या मार्गांवर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात, तिथे इंजिन आले एवढ्यावर गाडी आली असे मानत नाहीत. शेवटच्या डब्याची खूण दिसली, म्हणजे वाटेत डबे सुटून राहिले नाहीत याची खात्री पटली, की मगच मागच्या स्थानकाला मार्ग मोकळा झाल्याचे कळवतात. अनेक ठिकाणी हे काम आता रुळांवरचे चाके मोजणारे यंत्र करते. पण तत्त्व तेच: सुरुवात झाली म्हणजे काम पूर्ण झाले असे नाही, शेवट मोजायचा असतो.

तिसरे उदाहरण वसईतल्या ख्रिस्ती वाचकांना जवळचे वाटेल. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामात ठेवल्या जातात. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मविधिसंहितेत अशी तरतूद होती, की वर्षअखेरीस धर्मगुरूने या वह्यांची खरी प्रत बिशपांच्या कचेरीकडे पाठवावी. यातली खुबी प्रतीइतकीच प्रतीक्षेत आहे. ठरलेल्या वेळी ठरलेली वस्तू येणार हे माहीत असलेले एक कार्यालय दुसऱ्या टोकाला असले, म्हणजे कोणत्या धर्मग्रामाची प्रत आली नाही हे तिथे कळू शकते.

बॅकअपवर देखरेख ठेवणारी चांगली व्यवस्था या तिन्हींतून काही ना काही घेते. ती त्या संगणकाच्या बाहेर, दुसऱ्या जागी असते. ‘आज पहाटे चारपर्यंत भुईगावहून निरोप यायला हवा’ हे तिला ठाऊक असते. निरोप आला तर ती गप्प राहते. नाही आला तर ती बोंब मारते. जुन्या रचनेत बिघडलेल्याने ओरडायचे होते, इथे वाट पाहणारा ओरडतो. अशा सेवा आज फुकट किंवा नाममात्र खर्चात मिळतात. बसवायला तासभर लागतो.

यशस्वी, पण कशात?

आता कुणी म्हणेल, रोज ‘यशस्वी’ असा ई-मेल आला की झाले. इथे बँकेच्या नोकरीतला अनुभव थोडा सांगावासा वाटतो. डॉ. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्या काळी दिवसअखेर झाली की फ्लॉपीवर प्रत काढत. फ्लॉप्यांना सोम, मंगळ, बुध अशा चिठ्ठ्या डकवलेल्या असत. एक संच शाखेत, एक शाखेबाहेर. नोंदवहीत वेळ लिहायची, काढणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने सह्या करायच्या. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात दमट हवेने फ्लॉपीला बुरशी धरे. कामाच्या रेट्यात आठवड्याच्या सह्या एकदम झाल्याचेही कोणत्याही जुन्या बँकवाल्याने पाहिलेले असेल. वही भरलेली आहे, यावरून एवढेच सिद्ध होते की वही भरलेली आहे.

आजचा ‘यशस्वी’ ई-मेल ही त्याच सहीची नवी आवृत्ती आहे. पहिला आठवडा तो उघडून वाचला जातो, दुसऱ्या आठवड्यात नुसता मथळा, आणि महिन्याभराने तो आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडू लागतो. शिवाय तो मजकूर खरा असूनही फसवा असू शकतो. कार्यक्रमाला जे फोल्डर सांगितले होते त्याची प्रत निघाली, म्हणून तो ‘यशस्वी’ म्हणतो; पण गेल्या एप्रिलपासून नव्या वर्षाच्या नोंदी दुसऱ्याच फोल्डरमध्ये जात असतील तर त्याला ते कुणी सांगितलेले नसते. काल प्रतीचा आकार ४० गिगाबाईट होता आणि आज ३ मेगाबाईट आहे, तरी तो ‘यशस्वी’च म्हणेल. खंडणीखोरांनी मूळ फाइली कुलूपबंद करून टाकल्या असतील, तर त्या निरुपयोगी फाइलींचीही तो प्रामाणिक प्रत काढील आणि कालच्या चांगल्या प्रतीवर ती चढवूनही ठेवील.

म्हणून पाहायचे ते ‘झाले’ या शब्दाकडे नव्हे, आकड्यांकडे. किती फाइली, किती आकार, किती वाजता सुरू, किती वाजता संपले. रोखपाल नोटांच्या थप्पीला हात लावताच काही कमी आहे हे ओळखतो, तशी या आकड्यांचीही नजर बसते. रोज वीस मिनिटे लागणारे काम आज दोन मिनिटांत आटोपले तर आनंद मानू नये, चौकशी करावी. रोज वीस मिनिटांचे काम तीन तासांवर गेले तरी चौकशी करावी.

आणि या सगळ्यावरची खरी परीक्षा एकच: प्रत परत उघडून पाहणे. महिन्यातून एकदा, दुसऱ्या एखाद्या संगणकावर, आदल्या रात्रीच्या प्रतीवरून सर्व नोंदी पुन्हा उभ्या करायच्या. त्यांची तेरीज काढायची आणि मूळ तेरजेशी ताडून पाहायची. मग चार-पाच सभासदांची खाती निवडून त्यांच्या पासबुकातली शिल्लक मिळते का ते पाहायचे. हे काम कोणत्याही हिशेबनिसाला जमते. त्याला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ते पूर्ण व्हायला किती वेळ लागला, हेही लिहून ठेवावे. अडचणीच्या दिवशी काउंटरपुढे उभ्या असलेल्या माणसांना ‘उद्या या’ म्हणायचे की ‘पुढच्या आठवड्यात या’, हे त्या आकड्यावरून ठरते.

पाणी, आग आणि कुलूप

हा अडचणीचा दिवस कल्पनेतला नाही. ९ आणि १० जुलै २०१८ रोजी वसई-विरारमध्ये पाणी भरले. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, अनेक भागांत वीज नव्हती. अशा दिवसांत रात्री दोनचा बॅकअप अयशस्वीसुद्धा होत नाही; तो होतच नाही. आणि संगणकाशेजारच्या कपाटातच दुसरी डिस्क ठेवलेली असेल, तर पाणी दोन्हींना सारखेच भेटते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर पसरली. माणसे गेली आणि असंख्य कागदी फाइलीही गेल्या. फाइली संगणकात असत्या तर वाचल्या असत्या, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. त्याला एक पुरवणी जोडायला हवी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला बॅटरीतून आग लागली. सरकारी कर्मचारी ज्यात आपली कागदपत्रे ठेवत, तो ८५८ टेराबाईटचा साठा जळाला आणि त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती. आकार फार मोठा म्हणून प्रत ठेवली नाही, असे कारण देण्यात आले. संगणकात प्रगत समजल्या जाणाऱ्या देशातली ही गोष्ट आहे.

आगीपाण्यापेक्षा अलीकडे खंडणीखोरांचे भय अधिक. ३१ जुलै २०२४ रोजी, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर असा हल्ला झाल्यानंतर, तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांना देशाच्या पैसे देण्याघेण्याच्या जाळ्यापासून तात्पुरते अलग करावे लागले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. पण कुठल्या तरी दूरच्या कार्यालयातला बिघाड गावच्या काउंटरवर कसा येऊन उभा राहतो, हे त्या दिवशी दिसले. असे हल्लेखोर आधी बॅकअपच शोधतात. तो हाती लागला की खंडणी नक्की. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकात नागरी सहकारी बँकांना महत्त्वाच्या माहितीची प्रत वेळोवेळी काढून, संगणकापासून वेगळी करता येईल अशा साधनावर ठेवायला सांगितले. कंपन्यांसाठी ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने हिशेबाच्या पुस्तकांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक झाले.

पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. त्यांच्यावर सहकार खात्याचा निबंधक देखरेख करतो. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे कवच आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तेही नाही. म्हणजे जिथे विम्याचे छत्र नाही, तिथे नोंदी हाच सभासदाचा आधार. तिकडे प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० संस्थांची आणि २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खातेवही गावातून उठून एका सामायिक, दूरच्या यंत्रणेत जाते आहे. त्याने सोय होईल, पण प्रश्न मिटणार नाही; तो फक्त लांबच्या पत्त्यावर जाईल.

कुणी पाहायचे?

या कामाची अडचण तांत्रिक नाहीच. नीट झाले तर त्याचे काही दिसत नाही, हीच अडचण. वसुली वाढवणाऱ्याचा सत्कार होतो. तीनशे पासष्ट सकाळी आकडे पाहून ‘ठीक’ लिहिणाऱ्याचा सत्कार झाल्याचे ऐकिवात नाही. संचालकांना ते काम तंत्रज्ञाचे वाटते. तंत्रज्ञाला वाटते, आपण यंत्रणा लावून दिली, पाहणे संस्थेचे. आणि ज्या कारकुनाच्या टेबलावर तो संगणक आहे, त्याला हे काम आपले आहे असे कुणी कधी सांगितलेलेच नसते. नोंदी गेल्या की पहिला जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो. हा अन्याय टाळायचा असेल तर काम नावाने नेमून द्यावे, त्याला दिवसाची दहा मिनिटे कामाच्या वेळेतून द्यावीत, तो रजेवर असेल तेव्हाचा दुसरा माणूस ठरवावा आणि त्या दोघांनी लिहिलेली वही संचालकांपैकी एकाने महिन्याला पाहून सही करावी. खर्च एका वहीचा आहे.

आणि सभासदांनीही एक करावे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. अहवालाची छापील प्रत हाती येते, लाभांशाचा आकडा वाचला जातो, चहा-फराळ होतो. त्या सभेत, आभाराचे भाषण सुरू होण्यापूर्वी, कुणीतरी उठून अध्यक्षांना विचारावे: ‘आपल्या नोंदींची प्रत रोज निघते हे कोण पाहतो, त्याचे नाव सांगा. आणि ती प्रत परत उघडून, तेरीज जुळवून, शेवटची कधी पाहिली, त्याची तारीख सांगा.’

नाव आणि तारीख ताबडतोब मिळाली तर संस्थेचे अभिनंदन करावे. उत्तरादाखल ‘ते सगळे आपोआप होते’ असे ऐकू आले, तर खाली बसू नये. पुढच्या सभेपर्यंत ती वही सुरू करावी असा ठराव तिथेच मांडावा. अनुमोदन द्यायला भाजीवाली बाई आणि तो म्हातारा, दोघेही सभेला आलेले असतीलच.